आपोआप पेटलेला कापूस

आमच्या गावात थर्मोडायनॅमिक्स शिकलेली माणसं दोनच होती, मी आणि माझा मोठा भाऊ. घाटंजी तालुक्यातल्या एवढ्याशा गावाला दोन पुष्कळ झाली. आणि गावात कापूस आपोआप पेटला तोही नेमका आमच्याच घरातला. ज्यांना आम्ही अडाणी म्हणायचो त्यांच्या घरांत असलं काही झालं नाही. त्या आगीचं खापर आमच्या मागच्या वेल्डिंगवाल्यावर फुटलं आणि त्याला दुकानासकट गावातून उठवायची भाषा सुरू झाली. तो राहणार की जाणार, हे माझ्या भावाच्या एका सरळ वाक्यावर होतं. ते वाक्य त्यानं कसं गिळलं ते मला सांगायचं आहे.

मी तेव्हा घाटंजीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, रोज एसटीनं जाऊन-येऊन. दादा माझ्या आधी एम.एस्सी. झालेला, तोही भौतिक रसायनात, पहिल्या वर्गात. वडील गेल्यावर तो वावर बघायला परत आला. गावात त्याला सगळे ‘सर’ म्हणत, जरी त्यानं एक दिवसही कुठं शिकवलं नव्हतं. हे ‘सर’ त्याला फार आवडायचं.

आम्ही दोघंही यवतमाळला एकाच प्राध्यापकांच्या हाताखालून गेलो. हे गृहस्थ पिवळ्या पडलेल्या कागदांवरून व्याख्या सांगत आणि आम्ही त्या उतरवून घेत असू. प्रणाली म्हणजे विश्वाचा आपण विचारासाठी निवडलेला भाग. बाकी उरलं ते सगळं परिसर. दोघांच्या मधे सीमा. उष्णता आत येते-जाते पण वस्तू येत-जात नाही, ती बंद प्रणाली. एवढं मोठं विश्व या माणसानं एका चंचुपात्रात बसवलं होतं, आणि ते चंचुपात्रही फळ्यावर खडूनं काढलेलं. एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, असं सांगून ते होस्टेलच्या खोलीचं उदाहरण देत आणि स्वतःच हसत. पसाऱ्याचं सोडा. साधी गोष्ट एवढीच आहे की कण नीट मांडून बसण्याच्या रीती मोजक्या असतात आणि विखरून बसण्याच्या बेसुमार, म्हणून सोडून दिलेली वस्तू बेसुमार रीतींच्या बाजूला जाते आणि परत येत नाही. हे मला त्यांच्याकडून नाही, पुढं स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं. दादाला मात्र त्यांच्या व्याख्या स्वल्पविरामासकट पाठ होत्या, आणि पाठ आहे म्हणजे कळलं आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नाही म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. ज्या घरात जावं तिथं एक खोली आढ्यापर्यंत पांढरी, आणि घरचे सगळे अंग खाजवत बसलेले, कारण कापसातले बारीक किडे माणसांवर येत. मधूनच कुठल्यातरी समितीच्या गाड्या धुरळा उडवत यायच्या. पांढऱ्या कपड्यांतले साहेब ओट्यावर बसून गावाची सरासरी विचारत. सरासरी पीक, सरासरी उत्पन्न, सरासरी पाऊस. चहा घेऊन जात. सरासरी नावाचा शेतकरी आमच्या गावात कोणीच नव्हता, पण त्याची चौकशी फार व्हायची.

आता एक गोष्ट सांगते जी गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. मार्केटला गाडी न्यायच्या आदल्या संध्याकाळी कापसावर थोडं पाणी मारायचं. वजन भरतं. पाठीवरचा फवारणीचा पंप घ्यायचा, दोन हात इकडून तिकडे फिरवायचे, वर कोरडा कापूस टाकायचा आणि पोरांना तुडवायला लावायचं. कोणी जास्त मारी, कोणी कमी, पण मारत सगळेच. दुसऱ्या दिवशी माल गेला की विषय संपला.

दादानं यात सुधारणा केली. एम.एस्सी. झालेला माणूस चारचौघांसारखं पाणी कसं मारेल? त्यानं हिशेब असा लावला की ऐनवेळी मारलेलं पाणी वरच्यावर राहतं आणि मार्केटात प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हाताला ओल लागते. तेच खोली भरतानाच थराथराला मारलं तर ओल आतल्या बीपर्यंत, सरकीपर्यंत मुरेल, आणि वरून हात घालणाऱ्याला काही कळणार नाही. पण भाव येईपर्यंत ती ओल उडून जाऊ नये म्हणून त्यानं मागच्या खोलीच्या दाराला आतून प्लास्टिक लावलं, फटी शेणामातीनं लिंपल्या आणि वरचा झरोका गोणपाट कोंबून बुजवला.

“आता कशी बंद प्रणाली झाली!” माझ्याकडे बघून तो म्हणाला. एवढ्या वर्षांनी त्याला शिक्षणाचा उपयोग सापडला होता.

“दादा, ओली सरकी तापते,” मी म्हटलं. “तो झरोका कशाला बुजवलास?”

“तू कायले डोकं खपवतं? तुह्या कॉलेजच्या पोट्ट्याइले शिकव.”

पंधरवड्यानं आईनं आपली बाज हलवली. तिच्या गुडघ्यांना संधिवात होता आणि त्या साली थंडी कडक पडलेली. तिच्या खोलीची एक भिंत कापसाच्या खोलीला लागून होती. त्या भिंतीशी तिनं बाज लावली, पाठ टेकली आणि म्हणाली, “ही भिंत लय बेस गरम राह्यते बाई. गुडघेही दुखत नाई आता.”

मी भिंतीला हात लावला. उन्हात तापलेल्या भिंतीसारखी ती गरम होती, आणि त्या भिंतीवर दिवसभरात ऊन कधीच येत नव्हतं. 

“दादा, भिंत गरम झाली.”

“मंग? कापूस गरमच राह्यते,” तो आईला ऐकू जाईल असं म्हणाला. “रजई गरम नाई राह्यत काय?”

रजई! पहिल्या वर्गातला एम.एस्सी. हे बोलला. मी आईसमोर बसले आणि तिला समजावलं. रजई स्वतः गरम नसते. दगडाला रजई गुंडाळून ठेव, सकाळी दगड थंडच असेल. रजई फक्त आतल्याची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आत माणूस असला तर ती गरम वाटते. कापसाच्या खोलीत भिंत तापवण्याएवढी ऊब असेल तर ती आत कुणीतरी तयार करतंय.

आईनं जरा विचार केला. “मंग कापसात कोण जितं हाय?”

“सरकी. ओली झाली की ती श्वास घ्यायला लागते. ओलीवर बुरशी धरते, तीही घेते. दोघींची ऊब कापूस बाहेर जाऊ देत नाही.”

दादाचा चेहरा उतरला, पण वाद सोडायचा नाही हा त्याचा बाणा. मग तो माझ्याशी माझ्या भाषेत भांडायला आला. म्हणाला, एखादी क्रिया स्वयंस्फूर्त आहे म्हणजे ती लगेच होते असं नाही. हिऱ्याचं ग्राफाइट होणंही स्वयंस्फूर्त आहे, म्हणून कुणाच्या अंगठीचा कोळसा झाला काय? थर्मोडायनॅमिक्स फक्त दिशा सांगतं, वेग सांगत नाही. हे सगळं खरं होतं. खरी वाक्यं चुकीच्या ठिकाणी टाकण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. मी म्हटलं, वेग किती हे कळायला तापमान बघावं लागेल, आणि तापमान वाढलं की वेगही वाढतो, म्हणून ही गोष्ट स्वतःच स्वतःला ढकलत जाणार.

त्यानं माझ्याकडून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागवला. मला वाटलं, चला, शहाणा झाला. त्यानं लिंपण एका कोपऱ्यात उकरलं, हात आत घातला, आणि जिथवर हात गेला तिथल्या तीन-चार जागी थर्मामीटर खुपसला. मग पाटावर बसून त्यांची सरासरी काढली.

“बरं हाय. तापलेल्या माणसाएवढं.” आणि त्यानं लिंपण परत पक्कं केलं.

मला त्या क्षणी त्या गाड्यांतून येणाऱ्या साहेबांची आठवण झाली आणि कुणाचाच राग जास्त करावा असं वाटेना. अरे, हात पोचला तिथलंच मोजलंस! गंजीची कड तेवढी गरम असेल तर पोट किती असेल? आणि सगळ्या गंजीची खरी सरासरी कळली असती तरी तिचं काय करायचं होतं? शिकलेल्या माणसाला एवढं तरी कळावं की सगळे कण सारखे तापलेले नसतात. बहुतेक मधेच असतात, थोडे फार पुढं गेलेले असतात, आणि आग लावतात ते पुढं गेलेले. सरासरीला आग लागत नाही. हे मी त्याला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, “बोर्डाचा पेपर नाई चालू इथं.”

आईची बाज मी ओढून दुसऱ्या भिंतीला नेली. तिनं ती परत आणली. तिला ती भिंत सोडवत नव्हती. मुलगा शिकून शेतीला परत आला, त्याच्या कापसाची ऊब आपल्या गुडघ्यांना लागते, यात तिला सुख होतं. मला तिचाही राग आला, आणि त्या रागाची अजून लाज वाटते.

आग दुपारी लागली. मी रविवारची घरीच होते. आई अंगणात उन्हात बसलेली. ती म्हणाली, “कोण भाजून राह्यलं?” सरकीची ढेप करपवल्यावर येईल तसा तेलकट वास होता. दादा धावत मागं गेला आणि त्यानं जे करायला नको होतं तेच केलं. पहारीनं दार फोडलं. कोंडलेल्या धगीला हवा मिळाली. आधी नुसता धूर होता, मग गंजीचं पोट आत खचलं आणि खचलेल्या खड्ड्यातून जाळ वर आला.

सगळ्यांत आधी मागून वेल्डिंगवाला आला. त्याचा टिनाचा शेड आमच्या त्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून होता. वखराची पाती, पंपाचे दांडे, पोरांच्या सायकली, सगळ्या गावाचं जोडकाम त्याच्याकडे. आम्ही त्याला भाई म्हणत असू, तो आईला काकू म्हणे. तो छपरावर चढला, कटरनं पत्रे कापले आणि वरून पाणी ओतायला वाट केली. त्यामुळं आग खोलीतच राहिली. आईची खोली वाचली, घर वाचलं. त्याचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते.

आणि संध्याकाळी लोक म्हणू लागले, वेल्डिंगची ठिणगी.

त्या भिंतीला खिडकी नव्हती. वेल्डिंगवाल्याच्या बाजूचा कापूस काठाला पांढराच राहिला होता, जळालं होतं ते मधलं पोट. मी लोकांना हाताला धरून नेऊन दाखवलं. लोक बघत होते आणि दिसलेलं खाली टाकून घरी जात होते. मला आधी वाटलं, यांना कळत नाही. मग लक्षात आलं, यांना पक्कं कळतंय. कापूस आपोआप पेटला असं म्हटलं की का पेटला, काहून पेटला असं विचारावं लागतं, आणि काहून पेटलाचं उत्तर पाणी. ज्यानं त्यानं आपल्या घरचा पंप आठवला. त्यापेक्षा ठिणगी बरी. शिवाय ठिणगी ज्याची, तो मुसलमान. मग तर विचारूच नका.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली. वेल्डिंगवाला एका कडेला उभा, हातांना फडकी बांधलेली. गावातल्या जाणत्यांनी ठरवूनच आणलं होतं की त्यानं दुकान उचलावं, कारण गावात कापूस आहे आणि धोका आहे. बाया ओट्यावर येत नाहीत, मी गेले. मी सरकी, ओल, ऊब सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, “म्याडम, कापूस कधी आपोआप पेटते काय? मंग आमच्या गाद्या काहून नाई पेटत?” सगळे हसले. मी दादाकडे बघितलं.

वेल्डिंगवाल्यानंही दादाकडेच बघितलं. “सर, तुम्ही शिकेल माणूस आहा. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणसान त मी जातो.”

दादा उभा राहिला. त्याला फक्त एवढं म्हणायचं होतं, पाणी मी मारलं, खोली मी लिंपली, कापूस त्यामुळंच पेटला. एवढंच. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, “ही उष्मादायी, अप्रतिवर्ती आणि स्वयंस्फूर्त प्रक्रिया होती. परिसराशी ऊर्जेची देवाणघेवाण मर्यादित झाल्यानं प्रणालीचं तापमान वाढलं.”

 सगळ्यांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “म्हणजे कसं, सर?”

दादानं माझ्याकडे बघायचं टाळलं. “म्हणजे... नेमकं कारण सांगता येत नाई.”

यवतमाळच्या त्या प्राध्यापकांनी ऐकलं असतं तर पूर्ण गुण दिले असते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोलायची हिंमत लागते, तीही माझ्या भावात नव्हती. त्यानं खरंच सांगितलं, फक्त कुणालाही कळणार नाही याची काळजी घेऊन. ज्या भाषेनं आम्हाला गावापेक्षा शहाणं केलं होतं, तिचा असला उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतर मात्र बऱ्याच सभांमधे पाहिला आहे.

 वेल्डिंगवाला शेडकडे गेला आणि आतला टिन सोडवायला लागला.

आईला हे मी सांगितलं. ती जेवत होती. तिनं ताट बाजूला सारलं, दादाला विचारलं, “तू पाणी मारलं हे सांगतलं का नाई?” तो भाकरी कुस्करत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली आणि ज्या गुडघ्यांवर तिला मोरीपर्यंत जाणं कठीण होतं त्यांच्यावर ओट्यापर्यंत गेली. तिथं जे चारपाच जण बसले होते त्यांना म्हणाली, “माह्या पोरानं पाणी मारलं. दार लिंपलं. मी त्या भिंतीले पाठ लावून झोपत होती, थे कितीक दिवसापासून गरम होती. भाईची ठिणगी माह्या पाठीत घुसली होती काय?”

कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, “असं हाय काय मंग. झालं गेलं, काकू.” तोवर शेडच्या जागी फक्त चार खड्डे होते. टेम्पो आदल्या संध्याकाळीच गेला होता.

गावाला आता खरं माहीत झालं होतं. गावानं ते माहीत असलेल्या इतर गोष्टींमधे ठेवून दिलं. पुढल्या हंगामात लोकांनी पाणी मारलंच, खोल्या मात्र लिंपल्या नाहीत.

काही दिवसांनी मी घाटंजीला बसस्टँडच्या मागे वेल्डिंगवाल्याला शोधून काढलं. भाड्याची टपरी होती, एका मोटरसायकलचं स्टँड जोडत होता. हातांवर गुलाबी कातडी आलेली. त्यानं चष्मा वर केला, मला स्टूल दिलं, चहा सांगितला. मी म्हटलं, भाई, परत चला. आईनं सगळ्यांसमोर सांगितलं. आता गावात कुणी तुम्हाला काही म्हणत नाही.

“काकूनं सांगतलं?”

“हो. ओट्यावर जाऊन.”

“लोकायनं आईकलं?”

“हो.”

“मान्य केलं?”

“हो.”

त्यानं रॉड खाली ठेवला. रागात नव्हता. खरंच विचारत होता.

“मंग मले बोलवाले थे काहून नाई आले, ताई? तुम्ही काहून आल्या?”

  मी चहा पिऊन निघाले. घरी येऊन दादाला म्हटलं, उद्या तू जा. तो म्हणाला, जाईन. घाटंजी आमच्या गावापासून एसटीनं पाऊण तास. खतं घ्यायला, बी घ्यायला, मोटर दुरुस्त करायला तो दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी तिथं जातो, बसस्टँडवरच उतरतो. वेल्डिंगवाला अजून तिथंच आहे. दादा त्या टपरीपर्यंत अजून गेलेला नाही.